तोच धडा तीन तुकड्यांना शिकवून डोकं ताजं कसं ठेवायचं?

खडूफळा

आठवीच्या तीन तुकड्यांना एकच धडा लागोपाठ शिकवला की तिसऱ्या तुकडीत वाक्यं आपोआप बाहेर पडायला लागतात. उदाहरण तेच, आकृतीसुद्धा फळ्याच्या त्याच कोपऱ्यात. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. शिकवण्यात चूक होत नाही, पण विषयाबद्दलचं कुतूहल हळूहळू आटतं आणि मुलांना ते लगेच कळतं.

यावर ठोस उपाय हवे आहेत. अटी अशा: दिवसाला वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ नाही. टाचणं (पाठाच्या तयारीच्या नोंदी), ऑनलाइन माहिती भरणं, बदली तास, घटक चाचणीचे पेपर हे सगळं सांभाळून जमायला हवं. खर्च शक्यतो नको. "छंद जोपासा", "सकारात्मक राहा" हे सल्ले सोडून बोलूया. प्राथमिकपासून महाविद्यालयापर्यंत सगळ्यांनी लिहा. नेमकं काय करायचं, किती वेळ, आणि ते कुठे फसतं, एवढं आलं तरी खूप.

टेकडीकर

एक प्रश्न खिशात घेऊन चाला.

स्टॅनफर्डच्या मारिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी २०१४ मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केले. एखाद्या वस्तूचे नवे उपयोग सुचवा असं सांगितल्यावर चालणाऱ्यांना बसलेल्यांपेक्षा जास्त सुचलं. समोर कोरी भिंत ठेवून ट्रेडमिलवर चाललेल्यांनाही सुचलं. चालून येऊन बसल्यावर थोडा वेळ तो परिणाम टिकला. मात्र ज्या कोड्याला एकच अचूक उत्तर असतं, त्यात चालणारे किंचित मागे पडले. म्हणून धड्याची सुरुवात, नवं उदाहरण, वेगळा प्रश्न हे चालताना शोधायचं. बरोबर की चूक ते बसून तपासायचं.

निघण्याआधी कागदावर एकच ओळ लिहा, उदाहरणार्थ "घनता शिकवायला पाणी आणि तेल सोडून काय वापरता येईल?" परत आल्यावर बूट काढायच्या आधी सुचलेलं लिहून टाका, नाहीतर चहा होईपर्यंत निम्मं जातं. वेताळ टेकडी किंवा फर्ग्युसनच्या मागची हनुमान टेकडी जवळ असेल तर छानच, नसेल तर शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारा. सोबत सहकारी असला की गप्पा बदल्यांवर आणि वरिष्ठ वेतनश्रेणीवर जातात, तेव्हा एकट्यानं जा.

गुणाकार_भागाकार

टेकडीकर, चालणं मान्य. पण खिशातला प्रश्न "हे कसं शिकवू" असाच असेल तर डोकं पुन्हा वर्गातच फिरतं. शिक्षकाजवळ एक प्रश्न असा हवा, ज्याचं उत्तर त्याला स्वतःला माहीत नाही. कंटाळा पाठ पुन्हा घेण्यामुळे येतोच असं नाही. दिवसभर आपण विचारतो त्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आपल्याला आधीच माहीत असतं, तो त्यातून येतो.

द. रा. कापरेकरांचं उदाहरण घ्या. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले, पुढे देवळालीत शाळामास्तर म्हणून नोकरी केली. संशोधनाची पदवी नाही, प्रयोगशाळा नाही. वजाबाकी येणाऱ्या कोणालाही समजेल अशा प्रश्नांवर ते आयुष्यभर काम करत राहिले. १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ चा गुणधर्म मांडला. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर:

५४३२ − २३४५ = ३०८७
८७३० − ०३७८ = ८३५२
८५३२ − २३५८ = ६१७४

जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतंच. मुलं हमखास फसतात ती शून्यावर. २१११ − १११२ = ०९९९ हे ९९९ असं लिहिलं की पुढची वजाबाकी शून्य होते आणि "सर, नियम चुकला" असा आवाज येतो. चार घरं आखून द्या.

इथपर्यंत वर्गासाठी. आता शिक्षकासाठी: हे का होतं? तीन अंकांपासून सुरुवात करा. मोठा अंक क, मधला ख, लहान ग. वजाबाकी केली की ख उडतो आणि उरतं ९९ × (क − ग). म्हणजे पहिल्या पायरीनंतर ९९, १९८, २९७ ते ८९१ या नऊच संख्या शक्य. नऊ तपासल्या की तीन अंकांना शेवटी ४९५च का येतं ते हातात. चार अंकांना उत्तर ९९९ × (बाहेरच्या दोन अंकांतला फरक) + ९० × (आतल्या दोन अंकांतला फरक) असं येतं. आतला फरक बाहेरच्यापेक्षा मोठा असू शकत नाही, म्हणून शक्यता फक्त ५४. रोज आठ केल्या तरी आठवड्याभरात यादी पूर्ण होते.

पुढचा प्रश्न इथेच ठेवतो. दशमान सोडून अष्टमान पद्धतीत (फक्त ० ते ७ हे आठ अंक) तीन अंकांना काय होतं? ३७४ ला स्थिर होतं: ७४३ − ३४७ = ३७४, अष्टमानात करून बघा. मग पंचमानात? इंटरनेटवर शोधू नका.

द्विमान

फळ्याच्या कोपऱ्यात ६१७४ लिहून ठेवायचं आणि खाली "का?" एवढंच. पुढच्या तासाचे सर पुसायच्या आधी खडू उचलतील.

वेलांटी

गणितवाल्यांचं बरं आहे, प्रश्न खिशात मावतो. भाषेच्या शिक्षकानं काय करायचं?

मी मराठीपुरतं सांगते: मुलांबरोबर स्वतः लिहा. आठवड्यातून एकदा, बारा मिनिटं, शंभर-सव्वाशे शब्द, आणि लिहायला एक अडचण. विषय सोपा ठेवायचा, अडचण खरी ठेवायची. "आहे, होता, होते" न वापरता स्वारगेटच्या स्थानकाचं वर्णन. संवादात "म्हणाला" न लिहिता कोण बोलतंय ते कळलं पाहिजे. रंगाचं एकही नाव न घेता मंडई. पहिल्या अडचणीत क्रियापदं शोधावी लागतात, दुसरीत माणसाची लकब, तिसरीत वास आणि आवाज. शिक्षकालाही तितकंच शोधावं लागतं, कारण या अडचणींना गाइड नसतं.

दोन ठिकाणी फसतं. शिक्षकानं आपला उतारा आधी वाचला की तो नमुना होतो आणि पुढच्या आठवड्यात चाळीस वह्यांत त्याच्या चाळीस नकला येतात. आपला शेवटी वाचावा, आणि त्यातलं कुठलं वाक्य अडलं ते मुलांना शोधायला सांगावं. दुसरं म्हणजे या लेखनाला गुण देऊ नयेत. गुण आले की मुलं परीक्षेतलं सुरक्षित मराठी काढतात, "निसर्ग हा मानवाचा मित्र आहे" वगैरे.

लालपेन

सगळं पटतंय, पण खडूफळांच्या अटी पुन्हा वाचा. वीस मिनिटं येणार कुठून? आधी वह्यांचा प्रश्न सोडवा.

साठ वह्या, प्रत्येकीला दोन मिनिटं, झाले दोन तास. यातला मोठा भाग एकच चूक साठ वेळा लाल करण्यात जातो, आणि मूल ती लाल रेघ बघतही नाही. त्याऐवजी:

वही हातात घेऊन फक्त वाचायची, अर्धं-पाऊण मिनिट. शेजारी एक कोरा कागद. नवी चूक दिसली की कागदावर तिचं एक वाक्य, पुन्हा दिसली की पुढे उभी रेघ. वहीत ओळीशेजारी समासात फक्त खूण करायची: ऱ्ह म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ, वि म्हणजे विरामचिन्ह, ए म्हणजे एकक लिहिलेलं नाही, का म्हणजे कारण दिलेलं नाही. दुरुस्ती मूल करणार. वाचताना तीन गठ्ठे करत जायचे: जमलं, थोडं राहिलं, पुन्हा शिकवावं लागेल. शेवटी कागदावर सगळ्यात जास्त रेघा असलेल्या तीन चुका पुढच्या तासाला फळ्यावर घ्यायच्या, दहा मिनिटं. तिसऱ्या गठ्ठ्यातल्या मुलांना तेव्हाच पुढच्या बाकावर बोलवायचं.

साठ वह्यांना पाऊण तास पुरतो. पण आधी मुख्याध्यापकांशी बोलून खुणांचा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा, पालकसभेतही दाखवा. हे राहिलं तर "बाई वह्या तपासत नाहीत" ही तक्रार ठरलेली.

अंशछेद

लालपेन, तो रेघांचा कागद टाकून देऊ नका! त्यात सोनं आहे.

चुकांची वही ठेवायला सुरुवात करा. एका पानावर एक चूक आणि चार नोंदी: प्रश्न काय होता, मुलानं काय लिहिलं (त्याच्याच शब्दांत), कोणता नियम धरला तर हे उत्तर बरोबर ठरतं, आणि तो नियम उघडा पाडणारा पुढचा प्रश्न कोणता. तिसरी नोंद लिहिताना डोकं खरं चालतं.

उदाहरण: ०.३५ आणि ०.८ यांत मोठी संख्या कोणती? "०.३५, कारण ३५ मोठे." या मुलाला ०.३५ आणि ०.८४ विचारलंत तर उत्तर बरोबर येईल आणि गैरसमज लपून राहील. त्याला ०.३५ आणि ०.८ किंवा ०.१२५ आणि ०.३ असेच प्रश्न हवेत. वर्गात दुसरा गट उलटा असतो: "दशांशचिन्हानंतर अंक जास्त म्हणजे संख्या लहान." अपूर्णांकांवरून त्यानं काढलेला हा नियम. हा गट ०.३५ < ०.८ अगदी बरोबर सांगतो, चुकीच्या कारणानं! त्याला ०.४ आणि ०.४७ द्या. दोन्ही गट पकडायचे तर दोन्ही प्रकारचे प्रश्न एकाच चाचणीत हवेत.

विज्ञानात तर ढीग आहे. "बल्बमध्ये विद्युतधारा खर्च होते." "चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात." "थंडीत सूर्य लांब जातो." शेवटच्याला एकच वाक्य पुरतं: पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते. मग थंडी का? हा प्रश्न मुलांवर सोडून गप्प बसा. गप्प बसणं हा त्यातला अवघड भाग.

प्रॅक्टिकलबॅच

अंशछेद यांच्या वहीला महाविद्यालयातून पुरवणी. प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेत तेच बारा प्रश्न विचारून विद्यार्थी आणि आपण दोघंही पेंगतो. त्याऐवजी मुद्दाम बिघडवलेली निरीक्षणं द्या आणि बिघाड शोधायला सांगा.

साधा लंबक घ्या. दोऱ्याची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची असते, पण विद्यार्थी गोळ्याच्या हुकापर्यंतच मोजतात. T² (दोलनकालाचा वर्ग) आणि L (मोजलेली लांबी) यांचा आलेख काढला तर रेषा सरळच येते, आणि तिच्या उतारावरून g (गुरुत्वत्वरण) बरोबरच निघतो. फक्त रेषा आरंभबिंदूतून जात नाही. ती मागे वाढवली की लांबीच्या अक्षाला जिथे छेदते ते अंतर म्हणजे विसरलेली लांबी, साधारण हुक अधिक गोळ्याची त्रिज्या. एकाच निरीक्षणावरून g काढणाऱ्याचं उत्तर मात्र चुकतं. "चूक कुठे, आणि आलेखानं ती कशी भरून काढली?" एवढा एक प्रश्न दहा मिनिटांची चर्चा देतो. प्रत्येक प्रयोगाला असा एक बिघाड तयार करायचा. सत्रात आठ प्रयोग असतील तर आठ बिघाड, आणि ते बनवताना प्रयोग आपल्यालाच नव्यानं समजतो.

बालवाडीताई

प्राथमिकला यातलं काहीच लागू नाही असं वाटेल, पण आमच्याकडे प्रश्न फुकट मिळतात. चपलांच्या खोक्याला फट पाडून प्रश्नपेटी करा. रोज एक चिठ्ठी काढायची, उत्तर शोधण्याआधी ताईंनी स्वतःचा अंदाज फळ्यावर लिहायचा. "मुंगीला पाऊस केवढा वाटतो?" याला अंदाज लिहून बघा.

पाताळेश्वर

इतिहासवाल्यांच्या वतीनं दामोदर धर्मानंद कोसंबी यांचं नाव इथे यायलाच हवं. गणिताचे प्राध्यापक, १९४५ पर्यंत फर्ग्युसनमध्ये शिकवत, नंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. प्राचीन आहत (ठसे मारून केलेली) नाणी त्यांनी तराजूवर एकेक तोलली. कल्पना सरळ होती. नाणं हातोहात फिरलं की झिजतं. एकाच वेळी पाडलेली नाणी जितकी जास्त फिरतील तितकं त्यांचं सरासरी वजन उतरतं, आणि वजनांमधला आपसातला फरक वाढत जातो. या दोन गोष्टींवरून नाण्यांच्या गटांचा काळानुक्रम लावता येतो. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर फिरून त्यांनी सूक्ष्मपाषाणास्त्रंही (दगडाची बारीक हत्यारं) शोधली. आपल्या विषयाचं हत्यार दुसऱ्याच्या शेतात चालवणं, हा डोकं जागं ठेवायचा फार चांगला मार्ग आहे.

शाळेत करून बघायचं असेल तर घरोघरी डब्यांत पडलेली जुनी रुपयाची नाणी मागवा. आधी मालिका वेगळ्या करा, कारण १९८३ नंतरचं तांबं-निकेलचं नाणं ६ ग्रॅमचं, १९९२ नंतरचं स्टीलचं ४.८५, २०११ चं ३.७९, आणि २०१९ चं ३.०९. मालिका मिसळल्या की झीज दिसायच्या ऐवजी सरकारी निर्णय दिसतात. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मिळतो. नाणी आधी साबणानं धुऊन पूर्ण वाळवा, कारण मळाचं वजन झिजेची भरपाई करतं. स्टील झिजतं फार कमी, तेव्हा टांकसाळीतूनच आलेला फरक झिजेपेक्षा मोठा निघू शकतो. तांबं-निकेलमध्ये काही दिसण्याची आशा जास्त. उत्तर काय येईल ते आधी सांगता येत नाही, म्हणून तर करायचं.

वेलांटी

पाताळेश्वर, "दुसऱ्याच्या शेतात हत्यार" छान. मग मराठीवाल्यांनी गणिताच्या पुस्तकातल्या शाब्दिक उदाहरणांची भाषा तपासायला घ्यावी. मूल गणितात अडतं की वाक्यात?

अंशछेद

वेलांटी ताई, तेच उदाहरण तीन प्रकारे लिहून द्या: लांब वाक्यात, दोन छोट्या वाक्यांत, आणि फक्त आकडे व चिन्हं. आकड्यांत जमलं आणि लांब वाक्यात अडलं तर अडचण तुमच्या बाजूची. तीन प्रकार तीन वेगळ्या मुलांना द्यायचे, एकालाच तिन्ही दिले तर तिसऱ्यापर्यंत त्याला उत्तर पाठ झालेलं असतं.

सावली_मीटर

वर्षभर पुरणारा आणि पैसा न लागणारा प्रश्न हवा असेल तर काठी घ्या.

१ मीटरची सरळ काठी मैदानात किंवा गच्चीवर उभी करा. दोऱ्याला नट बांधून ओळंबा करा आणि काठी दोन बाजूंनी तपासा. मुलांना विचारा, सूर्य डोक्यावर किती वाजता येतो? सगळे बारा म्हणतील. पुण्यात बाराला तो कधीच मध्यावर नसतो. आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशावर लावलेली आणि पुणं ७३.८५ च्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं धरली की साधारण पस्तीस मिनिटांचा उशीर. म्हणजे मध्यान्ह सरासरी १२:३५ ला. तीही वर्षभर सरकते, कारण पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१८, फेब्रुवारीच्या मध्याला १२:४९ च्या जवळपास. घटक चाचणी असो की गॅदरिंग, वर्षभर नोंद करत राहिलात तर हा अर्ध्या तासाचा झोका स्वतःच्या आकड्यांतून दिसतो.

मोजायचं कसं? सर्वांत आखूड सावलीची वेळ थेट शोधायला जाऊ नका. मध्यान्हाच्या आसपास सावलीची लांबी जवळजवळ बदलतच नाही, त्यामुळे पाच-दहा मिनिटांची चूक सहज होते. काठीच्या पायथ्याभोवती वर्तुळ आखा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला टेकलं ती वेळ लिहा, दुपारी पुन्हा टेकेल ती वेळ लिहा. दोन्हींच्या मधली वेळ म्हणजे मध्यान्ह. दोन-तीन वर्तुळं आखली तर ढग आल्यावरही एखादी जोडी हाताला लागते.

सावलीचं टोक पुसट दिसतं, कारण सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. १ मीटरच्या काठीला तो पुसटपणा जवळपास एक सेंटिमीटर. उपाय म्हणजे काठीच्या टोकाला भोक पाडलेला पुठ्ठा लावा, जमिनीवर सूर्याची छोटी गोल प्रतिमा पडते, तिचा मध्य मोजा.

अंदाज तपासायला आकडे: विषुवदिनी मध्यान्हीची सावली ३३ सेंटिमीटरच्या आसपास, २२ डिसेंबरला सुमारे ९०. आणि मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत पुण्यात दुपारची सावली दक्षिणेला पडते, कारण सूर्य डोक्याच्या उत्तरेकडे गेलेला असतो. त्या कालावधीच्या दोन्ही टोकांना शून्य सावलीचे दिवस येतात. पंचाईत अशी की मेमध्ये शाळेला सुट्टी आणि जुलैत ढग. तेव्हा नोंदी ऑक्टोबरपासूनच नीट सुरू होतात.

द्विमान

गुणाकार_भागाकार, पंचमानात तीन अंक एका संख्येवर थांबत नाहीत. १४३ आणि २४२ यांच्यात फिरत राहतात. ४३१ − १३४ = २४२, ४२२ − २२४ = १४३, पुन्हा ४३१. शोधलं नाही, हातानं केलं. सगळ्या विषम पायांना (पाया म्हणजे पद्धतीत एकूण किती अंक, पंचमानात पाच) असंच होतं का?

गुणाकार_भागाकार

वा! हो, तीन अंकांसाठी विषम पायाला दोन संख्यांचं चक्र, सम पायाला एक स्थिर संख्या. सिद्धता सुचवतो: मोठ्या आणि लहान अंकांतला फरक फ धरा आणि पाया प. वजाबाकीचं उत्तर फ−१, प−१, प−फ या तीन अंकांचं येतं. पुढच्या पायरीत नवा फरक किती, एवढंच शोधा. पुढचं तुम्ही.

आरामखुर्ची

एक वेगळं मत मांडतो. डोकं शिळं झालंय असं वाटतं तेव्हा पुष्कळदा घसा आणि झोप संपलेली असते. सलग चार तास मोठ्यानं बोलून कुणालाच काही नवं सुचणार नाही. बोलणं निम्म्यावर आणा: प्रश्न फळ्यावर लिहा, पाच मिनिटं मुलांना जोडीनं बोलू द्या, तेवढ्यात पाणी प्या. रात्री अकरानंतर टाचण लिहू नका. काठी, नाणी मग बघा.

ग्रंथपाल_मित्र

वाचनावर कुणीच बोललं नाही. वाचून ताजं वाटतं, पण डोक्यात राहत नाही, कारण आपण पुन्हा पुन्हा वाचतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग प्रसिद्ध आहे: पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणाऱ्यांना जास्त आठवलं, आठवड्यानं विचारलं तेव्हा पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांना जास्त आठवलं. आपण मुलांच्या चाचण्या घेतो, स्वतःची घेत नाही. दोन-तीन पानं वाचा, पुस्तक मिटा, चार ओळी लिहा, मग उघडून काय सुटलं ते बघा. पंधरा मिनिटं लागतात. पुस्तक आपल्या विषयाबाहेरचं निवडा. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून चालू आहे, सभासद व्हा आणि नेहमीच्या कपाटाच्या शेजारच्या कपाटापाशी उभे राहा.

खडूफळा

सगळ्यांचे आभार, इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. वह्यांच्या खुणा या आठवड्यात सुरू करतो आणि त्यातून चुकांची वही. काठी ऑक्टोबरमध्ये. पण मूळ प्रश्नाचा एक भाग अजून उरला. तोच धडा तीन तुकड्यांना. तिसऱ्या तासाचं काय?

पाठनिरीक्षक

खडूफळा सर, ज्याला तुम्ही अडचण म्हणताय ते जपानमध्ये शिक्षक मुद्दाम घडवून आणतात. तिथे काही शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे मागे बसून मुलांकडे बघतात. मग पाठात बदल करून दुसऱ्या वर्गावर पुन्हा घेतात. तुम्हाला तीन तुकड्या आयत्या मिळाल्यात.

'अ' तुकडीला नेहमीसारखं शिकवा. तास संपल्यावर, पुढच्या वर्गात जाण्याआधी, टाचणवहीच्या समासात तीन ओळी: मुलं कुठे थांबली, कोणता प्रश्न अनपेक्षित आला, काय लांबलं. मग 'ब' साठी एकच गोष्ट बदला. उदाहरणांचा क्रम, किंवा पहिला प्रश्न, किंवा व्याख्या आधी देण्याऐवजी शेवटी. एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या तर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. 'क' ला त्यातलं जे चाललं ते ठेवा आणि नवी एक गोष्ट बदला. शेवटी तिन्ही तुकड्यांना दोन मिनिटांचा तोच एक प्रश्न चिठ्ठीवर. चिठ्ठीवर नाव नको, तुकडी पुरे.

दोन धोके आहेत. तुकड्या मुळात सारख्या नसतात, आणि मधल्या सुट्टीनंतरचा तास नेहमी जड जातो. म्हणून पुढच्या धड्याला सुरुवात 'ब' पासून करा, त्याच्या पुढच्याला 'क' पासून. वेळापत्रकातला तास हलत नसेल तर बदल कुठल्या तुकडीत करायचा ते फिरवा. चार-पाच धडे झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. नोंदी नीट राहिल्या तर त्यातूनच कृतिसंशोधनाचा (आपल्याच वर्गावर केलेल्या संशोधनाचा) अहवाल उभा राहतो, त्यासाठी वेगळी रात्र जागवावी लागत नाही.

खडूफळा

बदलायची ती एक गोष्ट निवडायची कशी?

अंशछेद

चुकांच्या वहीतून. त्या धड्याच्या पानावरची सगळ्यात जास्त वेळा आलेली चूक घ्या आणि ती तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत मुलांसमोर ठेवा, "एका मुलानं असं लिहिलंय, त्याचं म्हणणं काय असेल?" 'अ' मध्ये ही चूक शेवटी, 'ब' मध्ये सुरुवातीला. पहिला बदल हाच करा.

सावली_मीटर

आणि काठी ऑक्टोबरमध्ये रोवायची असली तरी जागा आत्ताच बघून ठेवा. सकाळी दहा ते दुपारी तीन तिथे इमारतीची किंवा गुलमोहराची सावली येते का ते एका उघडिपीच्या दिवशी तपासा. जमीन सपाट हवी, पाणी ओतून बघा कुठल्या बाजूला वाहतं ते. ध्वजस्तंभ आयता असला तरी नको, उंच खांबाच्या सावलीचं टोक फार पुसट पडतं.

द्विमान

तीन अंक झाले. सम पायाला नवा फरक शेवटी प च्या निम्म्यावर येऊन अडकतो, पंचमानात ३ आणि २ यांत हेलकावतो. आता सहा अंकांचं बघतोय. दशमानात ५४९९४५ आणि ६३१७६४ अशा दोन स्थिर संख्या मिळाल्या, आणि काही संख्या दोन्हीकडे न जाता तिसरीकडेच फिरत राहतात. ते चक्र किती लांबीचं आहे ते कुणी सोबत शोधणार का? काम वाटून घेऊ.